विश्लेषण : निधी हजारो कोटींचा, प्रश्न संशोधकाच्या निर्वाहाचा

रायपूर : येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ ग्रेट ईस्टर्न रोड या एकाच रस्त्यावर आहेत. मात्र, तेथे विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्यांच्या निर्वाहाच्या व्यवस्थेत मोठे अंतर आहे. केंद्राच्या अखत्यारीतील तंत्रज्ञान संस्थेत पूर्णवेळ संशोधकाला संस्थेमार्फत विद्यावेतनाची सोय आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राज्य विद्यापीठातील विद्यार्थ्याची भिस्त मुख्यतः ‘जेआरएफ’सारख्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीवर किंवा एखाद्या संशोधन प्रकल्पावर असते.

‘जेआरएफ’ची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाली. ती न मिळालेल्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची दरमहा आठ हजार रुपयांची योजना आहे. पण ती केंद्रीय विद्यापीठांपुरती. त्यामुळे २००९ मध्ये केंद्रीय दर्जा मिळालेल्या बिलासपूरच्या गुरु घासीदास विद्यापीठाला ती लागू होते, रायपूरच्या विद्यापीठाला नाही. महाराष्ट्रात ‘बार्टी’, ‘सारथी’ आणि ‘महाज्योती’ यांच्या अधिछात्रवृत्त्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली असली, तरी त्या विशिष्ट समाजघटकांसाठीच आहेत.

दुसरीकडे, घोषित निधीचे आकडे मोठे आहेत. २०२३ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे नियोजन असून, त्यातील मोठा वाटा सरकारबाहेरून अपेक्षित आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या एक लाख कोटींच्या संशोधन, विकास व नवोन्मेष योजनेचा रोख खासगी क्षेत्रावर आहे. प्रतिष्ठानाच्या ‘पेअर’ कार्यक्रमात राज्य विद्यापीठांना अग्रगण्य संस्थांशी जोडण्याची तरतूद आहे. त्यातून उपकरणे आणि प्रकल्प येतील; मात्र प्रकल्पाबाहेरील विद्यार्थ्याच्या निर्वाहाचा प्रश्न उरतोच.

केवळ एकूण खर्च वाढवून हा प्रश्न सुटत नाही, हे जपानच्या अनुभवावरून दिसते. भारताचा संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के, तर जपानचा तीन टक्क्यांहून अधिक आहे. तरीही २००४ मध्ये तेथील राष्ट्रीय विद्यापीठांना स्वायत्त महामंडळांचे रूप दिल्यानंतर नियमित अनुदान टप्प्याटप्प्याने घटले आणि स्पर्धात्मक निधीचे महत्त्व वाढले. तरुण संशोधकांच्या वाट्याला मुदतीच्या नोकऱ्या आल्या आणि डॉक्टरेटकडे वळणाऱ्यांची संख्या रोडावली. अखेर २०२१ पासून डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना थेट निर्वाहनिधी देणारी योजना सुरू करावी लागली. दहा लाख कोटी येनच्या विद्यापीठ निधीसाठी २०२४ मध्ये पहिली मान्यता तोहोकू विद्यापीठाला मिळाली. परंतु मोजक्या संस्थांवर निधी एकवटण्याच्या या धोरणावर तेथेही टीका होत आहे.

भारतात उच्च शिक्षण घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठे आणि त्यांच्या महाविद्यालयांत शिकतात. तेथील पूर्णवेळ संशोधकाला किमान विद्यावेतनाची हमी देण्यासाठी केंद्र आणि राज्य यांनी खर्चाची विभागणी ठरवणे, हा त्यावरील एक व्यवहार्य मार्ग आहे. अन्यथा प्रयोगशाळेत नवी यंत्रे येतील. पण ती चालविणारा विद्यार्थी चरितार्थासाठी शिकवण्या घेत राहील किंवा संशोधन अर्धवट सोडून नोकरी शोधेल.