आपल्याकडे नसलेलं ‘हॅव’

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. बी.एस्सी.ला होती तेव्हा इंग्रजीच्या तासाला पहिल्या बाकावर बसायची. माहेर मराठी, सासर कन्नड. सासूबाईंशी कन्नड, मुलीशी मराठी, असा आपल्यापैकी अनेकांसारखाच तिचा संसार. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली होती. आता परदेशातल्या मुलांना घरबसल्या गणित शिकवायच्या कामासाठी तिने फोनवरून मुलाखत दिली. मुलाखत छान झाली म्हणाली, पण उत्तर आलं ते असं : आपलं अभिनंदन, बाळंतपण उरकल्यावर जरूर संपर्क साधा.

“सर, कसलं बाळंतपण?” तिचा चेहरा अगदी रडवेला झाला होता.

मी तिला सगळी मुलाखत आठवून सांगायला लावली. घरच्यांबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “आय अ‍ॅम हॅविंग अ बेबी गर्ल.” पलीकडच्या बाईंनी आनंदाने विचारलं, “व्हेन इज शी ड्यू?” हिला वाटलं, मुलीचा वाढदिवस विचारतायत. “नेक्स्ट मंथ,” हिने सांगून टाकलं. झालं!

‘आय हॅव अ डॉटर’ म्हणजे मला मुलगी आहे. ‘आय अ‍ॅम हॅविंग अ बेबी’ म्हणजे मला दिवस गेले आहेत. एवढ्याशा ‘इंग’ने पोरीच्या हातचं काम लांबलं. आणि खरं सांगायचं तर ही चूक तिची नव्हे, माझी. हॅव, हॅज, हॅड असा तक्ता मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. हे क्रियापद आपल्या दोन्ही घरांत मुळी नाहीच, हे मात्र कधी सांगितलं नाही.

आठवून पाहा. मराठीत आपण म्हणतो, मला दोन मुली आहेत. माझ्याकडे पैसे आहेत. त्याच्याजवळ किल्ली आहे. आमच्यात दोन म्हशी आहेत. (हे ‘आमच्यात’ पुण्याच्या पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं!) नातं असेल तर ‘मला’, हातातली वस्तू असेल तर ‘माझ्याकडे’. कन्नडमध्येही थेट हेच. ‘ननगे इब्बरु मक्कळिद्दारे’ म्हणजे मला दोन मुलं आहेत, आणि आपल्या बाजारातलं ‘नन्न हत्र रोक्क ऐति’ म्हणजे माझ्याजवळ पैसा आहे. कन्नड तर आणखी एक पाऊल पुढे. माणसं असतील तर ‘इद्दारे’, वस्तू असेल तर ‘इदे’. मराठीचं ‘आहे’ माणूस आणि म्हैस दोघांनाही पुरतं. एक भाषा आर्य कुळातली, दुसरी द्राविड, पण इथे दोघी सख्ख्या जावांसारख्या. दोन्हींत माणूस कशाचाही मालक होत नाही. वस्तू आपापल्या जागी ‘असते’, माणसाच्या जवळ किंवा त्याच्यासाठी. रशियन भाषाही साधारण असंच म्हणते, माझ्यापाशी आहे.

इंग्रजीचं ‘हॅव’ मात्र मुळात पकडण्याच्या अर्थाचं. लॅटिनमधलं ‘हाबेरे’ हे क्रियापद दिसायला आणि अर्थाने त्याच्यासारखं, पण भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ते त्याचं नातलग नव्हे. खरं नातलग ‘कापेरे’, म्हणजे धरणं, पकडणं. म्हणून इंग्रज माणूस मुलगी, घर, ताप, वेळ, शंका सगळंच एका मुठीत धरतो. आपल्याकडे ताप ‘येतो’. मराठीत ताप आला, कन्नडमध्ये ‘ज्वर बंतु’. आला तसा जाईल, हा त्यातला दिलासा इंग्रजीत नाही.

मग ‘अ‍ॅम हॅविंग’ येतं कुठून? माझा अंदाज असा की आपल्या वाक्याच्या शेवटी ‘आहे’ असतंच. त्या ‘आहे’साठी पोरं ‘अ‍ॅम’ शोधतात आणि मालकीसाठी ‘हॅव’ही लागतंच, मग दोन्ही जोडून मोकळी होतात. नियम खरं तर सोपा आहे. जे नुसतं आहे, म्हणजे नातं, मालकी, दुखणं, त्याला ‘इंग’ लावायचं नाही. जे आत्ता चाललंय किंवा ठरलंय, त्याला चालतं : चहा पिणं, जेवण, आंघोळ, ऑपरेशन, आणि हो, बाळंतपणसुद्धा.

दुसरा खड्डा ‘हॅव टू’चा. “सर, माय सिस्टर्स मॅरेज, आय हॅव टू गो,” असं सुट्टी मागायला आलेला विद्यार्थी सांगतो. त्याच्या मनात असतं ‘मला जायचं आहे’. इंग्रजाला ऐकू येतं ‘मला जावं लागतंय’, म्हणजे बहिणीच्या लग्नाला हा नाइलाजाने निघालाय! कन्नडच्या ‘होगबेकु’त इच्छाही मावते आणि सक्तीही. मराठीत ‘जायचंय’ आणि ‘जावं लागतंय’ वेगळे. म्हणजे हा फरक मराठीतून शिकवला तर लगेच कळतो. दोन भाषा घरात असल्याचा हा फायदा आम्ही शिक्षक मंडळी फार कमी घेतो.

तिसरी गंमत केस कापण्याची. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे न्हाव्याकडून कापून घेतले. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे स्वतःच कात्री चालवली. शब्द तेच, जागा बदलली. कन्नडमध्ये ‘माडिदे’ म्हणजे मी केलं आणि ‘माडिसिदे’ म्हणजे करवून घेतलं. एका ‘सि’त काम भागतं. ‘हॅड हॅड’ पाहून छपाईची चूक म्हणून एक ‘हॅड’ खोडणारे पालकही मी पाहिलेत, पण ते पुन्हा कधीतरी.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून उत्तर लिहिलं. तिने आधी भलंमोठं स्पष्टीकरण लिहिलं होतं, माफीसकट. मी ते खोडायला लावलं. उरल्या दोन ओळी : मला दोन वर्षांची मुलगी आहे, पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस. मी आत्ताच कामाला तयार आहे.

चार दिवसांनी तिचा फोन आला. “सर, आय हॅव अनदर इंटरव्ह्यू ऑन थर्सडे.” वाक्य बिनचूक होतं. मागून सासूबाई विचारत होत्या, “एनंत? केलस सिक्ता?” त्यांना ती सांगत होती, “इन्नू इल्ल अत्ते, गुरुवारा ऐति.”