पावसाआधीची परीक्षा

नव्या मोटारीचे पहिले दर्शन आपल्याला घडते ते जाहिरातीत. रंग कसा चकाकत असतो आणि काचेत निळे आकाश उतरलेले असते! पण त्याआधी कारखान्याच्या आतल्या अंगणात तिची चार-दोन ओबडधोबड भावंडे खडखडत, मोडत, पुन्हा उभी राहत आपले आयुष्य संपवून गेलेली असतात. त्यांना आद्यनमुने म्हणतात. त्यांचा जन्मच मुळी मोडण्यासाठी. मराठीच्या मास्तराला यंत्रातले काय कळणार, असे कुणी म्हणेल. पण कच्चा खर्डा आणि छापलेले पुस्तक यांतला फरक आम्हांला चांगला कळतो. आणि ही कथा नेमकी त्याचीच आहे.

ब्रिटनमधल्या 'मिनी'चेच घ्या. १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर तिथे पेट्रोलची टंचाई झाली आणि अलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे लहान गाडी घडवण्याचे काम आले. दहा फुटांत चार माणसे बसवायची, म्हणून त्याने इंजिन आडवे ठेवले आणि गिअरपेटी त्याच्या पोटाखाली, एकाच तेलात, दडवली. १९५७ साली नमुने रस्त्यावर धावू लागले, आणि एकेक दुखणे वर येऊ लागले.

कार्बुरेटरचे तोंड होते पुढे, गार आणि दमट वाऱ्याकडे. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते. त्यामुळे त्याच्या घशात बर्फ धरे आणि इंजिन गुदमरे. उपाय म्हणून सबंध इंजिनच फिरवून उलटे बसवले. कार्बुरेटर मागे उबेला गेला. पण इंजिन फिरवले की चाकेही उलटी फिरणार! तेव्हा मध्ये आणखी एक दंतचक्र घालणे आले. पत्र्याच्या सांगाड्याला चाकांचे हिसके सोसेनात, म्हणून पुढे-मागे वेगळ्या पोलादी चौकटी आल्या. ९४८ घनसेंटिमीटरचे इंजिन एवढ्याशा गाडीला ताशी ९० मैलांच्या घरात नेई. ते ८४८ वर आणले. या सगळ्याची किंमत कारखान्याने मोजली, आणि तेच योग्य होते.

ऑगस्ट १९५९ मध्ये गाडी बाजारात आली. किंमत पाचशे पौंडांहून किंचित कमी. इंग्लंडातला तो उन्हाळा कोरडा गेला होता. मग पाऊस आला, आणि खरी परीक्षा सुरू झाली.

इंजिन फिरवल्याने कार्बुरेटर मागे गेला खरा, पण ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर थेट पुढच्या जाळीमागे येऊन बसला होता. पावसाचे शिंतोडे उडाले की तो भिजे आणि गाडी भररस्त्यात बंद पडे. पुढे त्याला आडोसा करावा लागला. त्याहून गमतीची गोष्ट तळाची. तळाच्या पत्र्यांचा सांधा असा उलटा पडला होता की चाकांनी उडवलेले पाणी ओंजळीत घ्यावे तसे आत घेतले जाई. आमच्या कोकणातल्या कुणाही शाकारणाऱ्याला विचारा. कोणते कौल कोणत्या कौलावर चढवायचे, हे तो डोळे मिटून सांगेल. कारण चूक झाली तर त्याचा न्याय आषाढात होतो, आणि ज्याच्या घरात गळते तो माणूस शेजारीच राहत असतो.

ही दुखणीही पुढे बरी झाली. २००० सालापर्यंत ५३ लाखांहून अधिक मिनी बनल्या. पण पहिल्या गिऱ्हाइकांचे पाय भिजले ते भिजलेच. नमुन्यातला दोष कारखान्याच्या खर्चाने निघतो. सुटून गेलेला दोष गिऱ्हाइकाच्या खिशातून, त्याच्या वेळातून आणि कधीकधी त्याच्या जिवावर निघतो. एका दोषावरचा उपाय दुसऱ्या दोषाला जागा करून देतो, म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर सगळी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्यायला हवी. घाईच्या वेळी नेमकी हीच पायरी गाळली जाते.

नवी गाडी दारात आली की शेजारी विचारतात, "लिटरला किती जाते?" मी आपला विचारतो, "हिने पावसाळा पाहिला आहे का?"