बॅटरी मेली, गेम जिवंत आहे

गेल्या रविवारी करावे गावठाणातल्या आमच्या घरी भाचा लॅपटॉपवर 'पोकेमॉन गोल्ड' खेळत बसला होता. ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी करणारा माझा चुलतभाऊ आला, स्क्रीनकडे पाहिलं आणि पोराच्या तोंडावर म्हणाला, "इम्युलेटर ना? म्हणजे चोरीचा माल." अकरा वर्षांचं पोर ते. कीबोर्डवरचे हात काढून गप्प बसलं. दादा, घरात पाहुणे होते म्हणून तेव्हा बोललो नाही. आता बोलतो.

इम्युलेटर म्हणजे चोरी नव्हे. हा गेम ज्यावर चालायचा त्या निन्टेन्डोच्या गेमबॉय यंत्राचा प्रोसेसर, त्याची जेमतेम 8 किलोबाइट मेमरी, 160 बाय 144 ठिपक्यांचा पडदा, हे सगळं कसं चालतं ते समजून घेऊन कुणीतरी हुबेहूब तसंच वागणारं सॉफ्टवेअर लिहिलं. प्लेस्टेशनचा इम्युलेटर बनवण्यासाठी सोनीचं यंत्र उकलून पाहणं कायद्यात बसतं, असा निकाल अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने 2000 साली कनेक्टिक्स कंपनीच्या खटल्यात दिला. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 52 वं कलमही, रीतसर घेतलेलं सॉफ्टवेअर खराब होईल या भीतीने त्याची राखीव प्रत काढू देतं.

ती भीती खोटी नाही. काका बोटीवर होते, त्यांनी 2001 साली आणलेली याच गेमची कॅसेट मी गेल्या वर्षी उघडली. तिचा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरला दाद देत नाही. बॉलपेनचं टोक मेणबत्तीवर मऊ केलं, स्क्रूवर दाबून धरलं, गार झाल्यावर पिळलं. आत नाण्याएवढी बॅटरी, दोन पत्र्यांनी जखडलेली. सेव्ह आणि गेममधलं घड्याळ तिच्यावरच चालतं. ती केव्हाच संपली होती. माझ्या दोन उन्हाळी सुट्ट्या तिच्याबरोबर पुसल्या गेल्या. गेम मात्र चिपवर शाबूत होता. यूएसबी रीडर लावून तो काढला, तर मोबाइलमधल्या एका फोटोएवढी फाइल. भाचा खेळतो तो हाच गेम, आमच्याच कॅसेटमधला.

आता कंपनीकडे बघ. निन्टेन्डोने हा गेम 2017 साली आपल्या थ्रीडीएस यंत्राच्या ऑनलाइन दुकानात पुन्हा विकायला ठेवला आणि 27 मार्च 2023 ला त्या दुकानातली विक्रीच बंद केली. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! जुनी कॅसेट सेकंडहँड घेतली तरी निन्टेन्डोला त्यातला छदामही मिळत नाही. मग नुकसान कुणाचं, ते तरी सांग. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 साली मोजून दाखवलं, की तिथे 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के गेम आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना घरबसल्या उघडून द्यावेत, एवढीच मागणी झाली. गेम कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला आणि 2024 साली तीही फेटाळली गेली. विकायचं नाही, जपू द्यायचं नाही, आणि जपणाऱ्याला चोर म्हणायचं. हा माज आहे.

काल बाजारात आलेला गेम आज फुकट उतरवणाऱ्याची बाजू मी घेत नाही. दहा हजार गेम भरून चिनी डबे विकणाऱ्यांची तर मुळीच नाही. ते चोरच. पण त्यांच्या पंगतीत माझ्या भाच्याला बसवू नकोस.

निन्टेन्डोचाच 'मदर 3' घे. हा गेम 2006 साली फक्त जपानात निघाला. इंग्रजीत आणायची कंपनीला गरज वाटली नाही. चाहत्यांनी पदरचा वेळ घालून 2008 साली सबंध भाषांतर पुरं केलं, एक पैसा न घेता. इम्युलेटर नसता तर हे काम कुणी तपासलं असतं, आणि किती जणांपर्यंत पोचलं असतं?

त्या रविवारी तू गेल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, यात माझं नाव मराठीत का नाही लिहिता येत?" मी त्याला दाखवलं, की इथलं प्रत्येक अक्षर 8 बाय 8 चौकटींत बसवलेलं असतं. तेव्हापासून गणिताच्या चौकटीच्या वहीत तो 'क' भरतोय. शिरोरेघेत एक ओळ जाते, वर वेलांटीला जागा उरत नाही. काल रात्री त्याने दोन चौकोन एकावर एक जोडून पाहिले. 'कि' बसला, 'र्की' अजून बसत नाही.