टाकळा कोणता आणि कासोदा कोणता?



मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की बालाघाटाच्या उतारावर, बांधाला, गायरानात आणि रस्त्याच्या कडेला टाकळा उगवून येतो. कोणी त्याला तरोटा म्हणतात. फुले येण्याआधी कोवळे शेंडे खुडायचे, मुगाची डाळ घालून लसणाच्या फोडणीत परतायचे आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायचे. पैसा लागत नाही आणि पावसाळ्याच्या तोंडी घरात दुसरी भाजी नसते तेव्हा ही कामी येते.

पण त्याच बांधावर टाकळ्याचा एक चुलत भाऊ उभा असतो. त्याला कासोदा किंवा कासविंदा म्हणतात. काही गावांत त्यालाच 'रानटाकळा' म्हणतात आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. दोघांचे कूळ एक, फूल तेच पिवळे पाच पाकळ्यांचे, आणि रात्री पाने मिटून घेण्याची सवयही तीच.

मागे कळंब तालुक्यातील एका गावी शिवारफेरीला गेलो होतो. एका आजींच्या ओट्यात खुडलेली भाजी होती आणि तिच्यात दोन-चार शेंडे कासोद्याचे निघाले. मी ते वेगळे काढले, तर आजी म्हणाल्या, "आवो सायेब, वासावरनं कळतंय की. कासोदा घाण वास मारतो." मी दोन्हींची पाने चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरली. आजींनी दोनदा वास घेतला आणि हसल्या. "दोन्हीबी वास मारत्यात की वो!"

म्हणून वासावर जाऊ नका. फुलावर तर मुळीच जाऊ नका. पान हातात घ्या.

टाकळ्याच्या एका पानाला साधारण तीन जोड्या पानोळ्या असतात. पानोळीचे टोक गोल, आणि देठाकडे ती निमुळती होत जाते. कासोद्याला चार-पाच जोड्या असतात आणि प्रत्येक पानोळी टोकाशी अणकुचीदार असते. आता याहून पक्की खूण सांगतो. पानाच्या देठावर एक बारीक गाठ असते, तिला आम्ही ग्रंथी म्हणतो. टाकळ्यात ती खालच्या पानोळ्यांच्या जोडीच्या मधोमध, उभ्या बारीक काडीसारखी दिसते. कासोद्यात पानोळ्यांच्या मध्ये काहीच नसते. तिथे गाठ असते ती देठ जिथे खोडाला चिकटतो त्या बुडाशी, गोल आणि गडद रंगाची. रोप वीतभर असले तरी ही खूण सापडते. डोळ्यांनी कमी दिसत असेल तर नातवाला शोधायला सांगा, पोरांची नजर तीक्ष्ण असते.

(टाकळ्यातही दोन जवळच्या जाती आहेत. एकीत ही गाठ खालच्या दोन जोड्यांत असते, तर दुसरीत फक्त सर्वांत खालच्या जोडीत. वनस्पतिशास्त्राच्या लोकांनी त्यावर पुष्कळ वाद घातला आहे. आपल्या पातेल्याला त्याने फरक पडत नाही.)

शेंगा लागल्यावर ओळख सोपी होते. टाकळ्याची शेंग लांब, सडपातळ, विळ्यासारखी वाकलेली; आतले बी चकचकीत आणि तिरपे कापल्यासारखे कोनदार. कासोद्याची शेंग आखूड, चपटी, थोडी वर वळलेली, मध्ये तपकिरी आणि दोन्ही कडांना फिकट पट्टी. बी चपटे आणि मंद रंगाचे.

एवढे बारकाईने सांगतो आहे याचे कारण या शेंगाच आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षे पावसाळा सरता सरता लहान मुले अचानक आजारी पडत. उलट्या, चिडचिड, मग झटके, बेशुद्धी, आणि पुष्कळशी मुले थोड्याच दिवसांत दगावत. सगळे त्याला मेंदूज्वर समजत. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी सहकाऱ्यांसह शोध घेतला आणि 2007 साली तो प्रसिद्ध केला. आजार विषाणूचा नव्हता. मुलांनी खेळता खेळता कासोद्याच्या शेंगा खाल्ल्या होत्या. ते विष यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर एकदम घाला घालते. पुढे 2016 साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात बालकांचे मृत्यू झाले. त्यांपैकी काहींत जपानी मेंदूज्वर आढळला, पण डॉ. जॉन यांच्या पथकाने तिथेही कासोद्याकडेच बोट दाखवले.

आता आपल्या शिवाराकडे पाहा. कासोद्याच्या हिरव्या शेंगा भरतात त्याच सुमारास आपली सोयाबीनची काढणी चालते. आई रानात वाकलेली आणि लेकरू बांधावर बसलेले. भूक लागलेल्या तीन-चार वर्षांच्या पोराला हिरवी शेंग म्हणजे मूग किंवा मटकीच वाटणार. उकिरड्याच्या कडेला आणि पडक्या भिंतीपाशीही कासोदा माजतो, म्हणजे घरी राहिलेल्या पोरालाही तो लांब नाही.

पोराने शेंगा खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती काढे, मिठाचे पाणी यांत वेळ घालवू नका. तसेच उचलून दवाखान्यात न्या आणि त्या झाडाची एक फांदी शेंगांसकट बरोबर घ्या. 'याने हे खाल्ले आहे' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. न सांगितल्यास तेही मेंदूज्वर समजतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

काही जण म्हणतील, कासोदा तर खोकल्यावरचे औषध आहे, बिया भाजून त्याची कॉफीही करतात. खरे आहे. आयुर्वेदात त्याला कासमर्द म्हणतात. पण ते वैद्याने मोजून द्यायचे काम आहे. आमच्या एका मित्राने घरीच प्रयोग मांडला होता, त्याला मी हात जोडून थांबवले.

जनावरांनाही ही बाधा होते. हिरवे झाड ती सहसा तोंडात घेत नाहीत, पण मळणीत सोयाबीनबरोबर कासोद्याच्या शेंगा गेल्या की बी दाण्यात आणि गुळीत उतरते. ते पोटात जास्त गेल्यास स्नायू निकामी होतात, लघवी काळपट होते आणि जनावर बसते ते उठत नाही. म्हणून कापणीआधी एकदा कडेने फिरून कासोदा बाजूला काढा.

उपटायचा तर तो श्रावणात, फूल दिसताच. ओल असते तेव्हा मुळासकट सहज येतो. शेंगा पिकेपर्यंत थांबलात तर बी जमिनीत पडते, आणि त्याचे कवच इतके कठीण असते की ते वर्षानुवर्षे मातीत राहून पुन्हा उगवते. शेंगा धरलेली झाडे उकिरड्यात टाकू नका, नाहीतर शेणखताबरोबर तुम्हीच ती शेतभर पेराल. वाळवून जाळा, आणि ती वाळेपर्यंत पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा.