कॅप्सूलचे यंत्र आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यातील दावे

घरी कॉफी करण्यासाठी कॅप्सूलचे यंत्र घ्यावयाचे तर कोणते घ्यावे, हा प्रश्न आता मुंबई-पुण्याच्या उच्चभ्रू वस्त्यांपुरता राहिलेला नाही. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कितीतरी घरांतील मुले पुण्यात नोकरी करतात. सणावाराला ती गावी येतात तेव्हा नव्या वस्तू येतात, आणि वस्तूंच्या मागोमाग त्यांचे अर्थशास्त्रही नारायणगाव-मंचरच्या स्वयंपाकघरांत शिरते. चहाच्या मुलखात ही चर्चा कशाला, ही तर श्रीमंतांची चैन, असे काही कार्यकर्ते म्हणतील. परंतु चैनीकडे पाहून नाक मुरडणे म्हणजे समाजवाद नव्हे. वस्तूवर सत्ता कोणाची, हा समाजवादाचा प्रश्न आहे. आणि तो या यंत्रात जितका उघड दिसतो तितका क्वचितच दिसतो.

यंत्राची निवड करताना किंमत, पाण्याची टाकी, दाब आणि दूध फेसाळण्याची सोय यांची तुलना केली जाते. ही तुलनाच फसवी आहे. एका कॅप्सूलमध्ये साधारण 5 ग्रॅम कॉफी असते. तिची किंमत 60 रुपये धरली तर कॉफी किलोला 12,000 रुपये पडली. रोज दोन पेले घेणाऱ्या घराचा वर्षाचा खर्च 43,800 रुपये होतो. तीच पूड सुटी घेतली आणि तिचा भाव किलोला 1,000 रुपये धरला, तर खर्च 3,650 रुपये. तेव्हा यंत्र दोन-चार हजारांनी स्वस्त की महाग, याला काय अर्थ उरतो? यंत्र हे केवळ दावे आहे. खरी विक्री कॅप्सूलची आहे.

हे आपोआप घडलेले नाही. नेस्ले कंपनीतील अभियंता एरिक फाव्र यांच्या शोधाचे पेटंट 1976 सालचे; नेस्प्रेसोची विक्री 1986 साली सुरू झाली. पेटंटांची मुदत संपली, इतरांच्या कॅप्सूल बाजारात आल्या, आता स्पर्धाच ग्राहकाला सोडवील, असे मुक्त बाजाराचे भाट सांगतात. इतिहास निराळे सांगतो. 2014 साली फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाने हस्तक्षेप केला, तेव्हा कुठे यंत्रातील बदलांची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचे नेस्लेने मान्य केले. त्याच वर्षी अमेरिकेत कंपनीने कॅप्सूलच्या कडेवरील बारकोड वाचून चालणारे नवे यंत्र आणले. त्याच वर्षी क्युरिग कंपनीने परवाना नसलेल्या कॅप्सूल नाकारणारे यंत्र काढले. गिऱ्हाइके संतापली, आणि 2015 साली कंपनीच्या प्रमुखाला चूक कबूल करावी लागली. म्हणजे कुलूप सैल झाले ते बाजाराच्या कृपेने नव्हे, कायद्याच्या आणि ग्राहकांच्या दडपणाने.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरविणाऱ्या शेतकऱ्याला हे बंधन नवे नाही. संकरित वाणाच्या फळातून धरलेले बी पुढल्या हंगामात तसेच पीक देत नाही. दर हंगामाला बियाणे विकतच घ्यावे लागते. संकरित वाणाने उत्पन्न वाढविले, हे मान्य केलेच पाहिजे. शिवाय तेथील बंधन निसर्गनियमातून आलेले आहे, आणि पुढल्या हंगामात कंपनी बदलण्याची मुभा शेतकऱ्याला आहे. बारकोडच्या यंत्राचे बंधन मात्र हेतुतः घडविलेले आहे, आणि कंपनी बदलावयाची तर यंत्रच टाकून द्यावे लागते.

टाकून देण्याचा प्रश्न कॅप्सूललाही आहेच. ॲल्युमिनियमचा पुनर्वापर होतो, असे सांगितले जाते. त्यासाठी वापरलेली कॅप्सूल वेगळी गोळा करून योग्य ठिकाणी पोहोचवावी लागते. ओल्या चोथ्यासह ती गावच्या घंटागाडीत पडली, तर पुढचा भार ग्रामपंचायतीवर. नफा कंपनीचा, कचरा गावाचा. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने 2016 साली सरकारी पैशाने अशी कॉफी घेणे बंद केले, ते उगाच नव्हे.

मग कॉफी पिऊ नये काय? अवश्य प्यावी. देशातील सुमारे 70 टक्के कॉफी शेजारच्या कर्नाटकात पिकते, आणि ती पिकविणारे बहुसंख्य शेतकरी लहान आहेत. पितळेच्या वा स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरला पेटंट नाही, वीज नाही, कुलूप नाही. यंत्रच हवे असेल तर पुन्हा भरता येणारी कॅप्सूल आणि अनेक विक्रेत्यांचा माल चालणारे घ्यावे. बारकोडचे घेऊ नये.

परंतु घरोघरीच्या शहाणपणावर हा प्रश्न सोडून चालणार नाही. 1957 साली कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी सहकारी संस्था काढून इंडियन कॉफी हाउस चालविले. तो मार्ग संघटनेचा होता. 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. घरगुती उपकरणे आणि शेतीची अवजारे दोन्ही तिच्या कक्षेत आहेत. विकत घेतलेल्या यंत्रात कोणाचा माल घालावयाचा हे ठरविण्याचा हक्क यंत्राच्या मालकाचाच असला पाहिजे, ही मागणी कायद्यात उतरविण्यासाठी शेतकरी आणि ग्राहक यांना एकत्र आणणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे. कुलूप कॉफीचे असो की ट्रॅक्टरचे, किल्ली मागण्याची लढाई एकच आहे.