गाणं तुमचं, ट्रक कुणाचा?

'इंडी' या शब्दाचा साला पार चुथडा झालाय. विस्कटलेले केस, रडवेली गिटार म्हंजे इंडी, असं कॉलेजातली पोरं समजतात. जानेवारी १९८० मध्ये इंग्लंडात इंडी रेकॉर्डांची पहिली विक्रीयादी छापून आली, तेव्हा अट एकच होती : माल बड्या कंपन्यांच्या वितरणातून आलेला नको. गाणं कसं आहे ते कुणी विचारलं नाही. ट्रक कुणाचा, एवढंच विचारलं.

मी गोदीत पेट्या वाहतो. मला हा सवाल चटकन कळतो. माल कुणी बनवला याला गेटवर काडीची किंमत नसते. गेटपास कुणाच्या हातात, ते बोला.

रेकॉर्ड काढणं त्यातल्या त्यात सोपं. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी उसने ५०० पौंड घातले आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्या 'न्यू हॉर्मोन्स' नावानं चार गाण्यांच्या हजार प्रती काढल्या. कुठलं गाणं कितव्या खेपेला जमलं, तेही पाकिटावर छापलं. १९७८ मध्ये स्क्रिटी पोलिटीनं तर सगळा खर्चच पाकिटावर मांडला. जादूगारानंच पोतडी उलटी केली की हो!

त्याआधी कागद होता. मार्क पेरी, थेम्सकाठच्या डेप्टफर्डचा, बँकेतला कारकून, विशीही न गाठलेला. जुलै १९७६ मध्ये त्यानं 'स्निफिन ग्लू' हे फॅनझिन काढलं. टाइपरायटर, जाड पेनानं खरडलेले मथळे, खाडाखोड तशीच, पहिल्या अंकाच्या पन्नासेक झेरॉक्स. खप हजारांत गेला तेव्हा १९७७ मध्ये त्यानं ते सरळ बंद केलं. वाचकांना सांगितलं, आपापलं काढा. हा गडी आपल्याला जाम आवडला. एक अंक काढून जन्मभर संपादक म्हणून मिरवणारे आपण कमी पाहिलेत?

पण विकायचं कुठं? जेफ ट्रॅव्हिसनं १९७६ मध्ये लंडनात 'रफ ट्रेड' दुकान टाकलं. तिथं रेकॉर्डी आणि फॅनझिनं शेजारी शेजारी. सुरुवातीला सगळ्यांना सारखा पगार. १९७८ पासून ते स्वतः रेकॉर्डी काढू लागले : खर्च वजा जाता निम्मं बँडला, निम्मं कंपनीला. मग यॉर्क, ब्रिस्टल, लिव्हरपूल, नॉर्विच, एडिनबरा इथल्या दुकानदारांना जोडून त्यांनी 'कार्टेल' उभं केलं. कुठल्या शेटजीच्या दारात न जाता माल देशभर. लोक क्रांती हा शब्द पंकच्या गाण्यांना लावतात. मी तो या गोदामांना लावीन.

रेकॉर्ड दाबायचा कारखाना मात्र दुसऱ्याचाच. १९७९ मध्ये क्रास या बँडची रेकॉर्ड यायची होती. त्यात ख्रिस्तावर तोफ डागणारा एक तुकडा होता. आयर्लंडातल्या कारखान्याच्या कामगारांनी तो दाबायला नकार दिला. त्या जागी नुसती शांतता ठेवून रेकॉर्ड निघाली. ते कामगार चुकलेच, धर्माची तळी उचलली त्यांनी. तरी पेटीला हात लावणार नाही म्हणायची ताकद त्या हातांत आहे, ती गिटारवाल्याकडं नाही. याच्यावर इंडीवाले फारसं लिहीत नाहीत. क्रासनं पुढं स्वतःचं लेबल काढलं आणि यापेक्षा जास्त पैसे देऊ नका, असं पाकिटावरच छापलं.

१९९१ मध्ये रफ ट्रेडचं वितरण दिवाळखोरीत गेलं. देणी थकली, लहान लेबलांच्या नरड्याशी आलं. इतक्या जणांचा माल एकाच गोदामात, दुसरं काय व्हायचं?

आता पाटी तीच आहे. पण 'ऑर्चर्ड' २०१५ पासून पूर्ण सोनीचं, आणि युरोपातलं जुनं इंडी वितरण 'पिआस' २०२४ मध्ये पुरतं युनिव्हर्सलच्या घशात गेलं. घरच्या खोलीत गाणं बनवणाऱ्या पोराला पत्ताही नसतो की आपला गेटपास तिथं फाटतोय.

वॉशिंग्टनचं 'डिस्कॉर्ड' अजून उभं आहे. टीन आयडल्स हा शाळकरी पोरांचा बँड मोडला तेव्हा गल्ल्यात ६०० डॉलर होते. ते वाटून घेतले नाहीत, १९८० मध्ये त्यांची रेकॉर्ड काढली. एक पाकीट सोडवून त्याचा साचा केला, कागद छापून आणले. मग सगळे कात्री आणि गोंद घेऊन बसले.