पडीक शेत आणि दोन गुंठ्यांचा वाफा

गेल्या कार्तिकात, सरदीचे भात कापून झाल्यावर, तिसवाडीतील एका गावच्या सखल शेतात आम्ही व आमच्या परिचयातील सात कुटुंबांनी मिळून सोळा गुंठे जमीन चैत्र लागेपर्यंत भाड्याने घेतली. वाट्याला आले प्रत्येकी दोन गुंठे. कोणी बँकेत नोकरीला, कोणी शिक्षक, एक निवृत्त टपाल कर्मचारी, आणि आम्ही लेखणी घासणारे. बहुतेकांचे वास्तव्य सदनिकेत. मातीशी संबंध म्हणाल तर गॅलरीतील तुळशीच्या कुंडीपुरता. रासायनिक खत घालायचे नाही, विषारी फवारणी करायची नाही, कुंपण आणि राखण सामाईक, पीक ज्याचे त्याचे, इतकेच काय ते नियम होते. हा उपक्रम नवलाचा नव्हे. परंतु त्याच्या निमित्ताने जो एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो आमच्या सोळा गुंठ्यांपेक्षा फार मोठा आहे, म्हणून हा प्रपंच.

भाडे ठरले ते मालकांच्या ओसरीवर, चहा घेत. रक्कम माफक होती, तीही त्यांनी संकोचाने स्वीकारली. आम्ही पावती मागितली आणि त्या भल्या गृहस्थांचा चेहरा उतरला. भाजी पिकवा, घरी न्या, हवे तर पैसेही देऊ नका, पण पावती मागू नका, असे त्यांनी हात जोडून सांगितले. गेली आठ वर्षे ते शेत पावसाळ्यानंतर पडीक राहत होते. कसायला घरात माणूस नाही, आणि बाहेरच्याला द्यावे तर ही धास्ती. पावती म्हणजे कुळाचा पुरावा, आणि कूळ लागले की जमीन गेली, हे समीकरण गोमंतकातील प्रत्येक जमीनधारकाच्या मनात घट्ट बसलेले आहे.

ते कसे बसले हे सांगायला हवे. मुक्तीनंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९६४ साली, भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने कूळ कायदा आणला. शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत, १९७६ साली, त्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आले. भाटकाराच्या अंगणात पिढ्यान् पिढ्या वाकून उभे राहणाऱ्या माणसाला त्या कायद्यांनी ताठ उभे केले. या कायद्यांच्या बाजूने आम्ही होतो आणि आहोत; त्यांच्याविषयी आज जे हळहळतात त्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. परंतु न्याय्य कायद्याचीही एक सावली असते. कायद्याने कुळाला दार उघडले, आणि मालकाने त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला दार लावून घेतले. जमीन ओस पडली तरी चालेल, पण दुसऱ्याचा नांगर तिला लागता कामा नये, ही वृत्ती तेव्हापासूनची. त्यातच कुळांची मुले बोटीवर, आखातात, पोर्तुगीज पासपोर्ट काढून विलायतेत गेली. ज्याच्यासाठी जमीन सोडवली तोही शेतात नाही आणि ज्याच्याकडून सोडवली तोही नाही. शेत मात्र आहे, आणि त्याच्याकडे टक लावून बसलेला तिसराच कोणी आहे. त्याचा धंदा नांगराचा नव्हे, सिमेंटचा.

असो. शेताकडे वळू. पहिल्या महिन्यात आमची जी फजिती झाली ती सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. मुळा एका दिवशी सगळाच पेरला, म्हणून चाळीस दिवसांनी सगळाच एकदम तयार झाला, आणि आठ घरांत सलग आठवडाभर मुळ्याचीच भाजी शिजली. जीवामृतासाठी शेण व गोमूत्र यांच्या जोडीला गूळ आणि बेसन लागते हे कळल्यावर घरच्या मंडळींनी, हे सारे शेतात ओतणार की काय, असा रास्त प्रश्न केला. वांग्यांवर मावा पडला तेव्हा सुशिक्षितांची सभा भरली आणि तीत निर्णय काहीच झाला नाही. शेवटी बांधापलीकडे तांबडी भाजी करणाऱ्या एका वृद्ध बाईने पहाटेच्या दवात चुलीतली राख पानांवर भुरभुरवायला शिकवले. आमचे पाणी घालणे पाहून ती म्हणाली, ‘उदक मुळांक घालात, पानांक न्हय.’ एवढ्या एका वाक्याने आमची रोपे वाचली, हे कबूल करण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही. माडाला मासळीचे खत, भात कापल्यावर ओलीवर अळसांदे व वाल, म्हणजे जमिनीला आपोआप नत्र मिळते, हे सारे तिला ठाऊक होते. सेंद्रिय हा शब्द मात्र तिने ऐकलेला नव्हता.

एकट्याने हे करणे अशक्य होते, हेही तेथेच उमगले. कापणीनंतर गावची गुरे मोकळी सुटतात, आणि अलीकडे तर बेवारशी गुरांचे कळपच्या कळप रस्तोरस्ती हिंडतात. दोन गुंठ्यांना कुंपण घालण्याचा खर्च दोन गुंठ्यांतील भाजीने भरून येत नाही. सोळा गुंठ्यांचे कुंपण आठांनी घातले तर येतो. पाण्याचेही तेच. शेत खाजनाच्या कडेला, मार्च लागला की खणलेल्या विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागते; मानशीची दारे भरतीच्या वेळी नीट लागली नाहीत तर आणखी लवकर. मानस एकाची नसते, बांधही एकाचा नसतो. आपल्या पूर्वजांनी गांवकरीची व्यवस्था उभारली ती काही तत्त्वज्ञान म्हणून नव्हे. खारे पाणी अडवायला सगळा गाव लागतो म्हणून. पोर्तुगीजांनी १५२६ साली आफोंसो मेशियाच्या फोरालात त्या व्यवस्थेचे रीतिरिवाज लिहून काढले, तेव्हा ती आधीच जुनी झालेली होती. कोमुनिदादीची शेते लिलावाने ठरावीक मुदतीसाठी कसायला देण्याची चाल या मातीतीलच आहे. तेव्हा सामाईक जमिनीचा तुकडा मुदतीने घेऊन कसणे ही कोणा परक्या देशाची नक्कल आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या गावचे जुने दप्तर एकदा उघडून पाहावे.

मात्र परक्या देशांनी या गोष्टीला कायद्याचा आधार दिला आणि आपण दिला नाही, एवढा फरक आहे. ब्रिटनमध्ये १९०८ सालच्या कायद्याने भाजीच्या वाफ्यांसाठी जमीन पुरविण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. गावातील सहा मतदार वा करदाते लेखी मागणी करतील तर तिची दखल घेणे संस्थेला भाग आहे. तेथील प्रचलित वाफा सुमारे अडीचशे चौरस मीटरांचा, म्हणजे आपल्या अडीच गुंठ्यांचा. दुसऱ्या महायुद्धात याच वाफ्यांनी तेथील शहरांच्या ताटात भाजी ठेवली. जर्मनीने १९८३ साली असाच कायदा करून वाफ्याची मर्यादा चारशे चौरस मीटर ठरवली आणि त्यावरच्या झोपडीचे क्षेत्रफळही चोवीस चौरस मीटरांपुढे जाऊ दिले नाही. ही शेवटची तरतूद आमच्या मनात विशेष भरली. ‘फार्महाऊस’ या शब्दाखाली गोव्याच्या डोंगरउतारांवर काय काय उभे राहते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना तिचे मोल सांगायला नको.

ही शहरी माणसांची हौस आहे, खऱ्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय आहे, असा आक्षेप आमच्याच एका मित्राने घेतला. हौस आहे हे खरे. पण पोटावर पाय कोणाच्या? आपल्या बाजारातील भाजी बहुतांशी बेळगावहून चोर्लाचा घाट उतरून येते, आणि सरकारच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीच्या दराने विकली जाते. नाकेबंदीच्या काळात, १९५५ नंतर, बटाटेसुद्धा दर्याच्या वाटेने हॉलंडहून यायचे, असे आपले वडीलधारे सांगत आले. ती परक्या राजवटीची लाचारी म्हणून आपण हसलो. २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि घाट बंद पडला, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच घरोघर भाजीवाचून जे हाल झाले ते कोणाला हसण्याजोगे वाटले नाही. आगशीची वांगी, सांतइस्तेव्हांवची सात शिरांची भेंडी, खोलची मिरची यांना भौगोलिक मानांकन मिळाले याचा आपल्याला अभिमान आहे. पण मानांकन बी पेरत नाही. चतुर्थीच्या माटोळीला लागणारी फळे-भाज्या आज बाजारातून दर देऊन आणाव्या लागतात, हेही आपल्या घरात रोजच्या बोलण्याचे झाले आहे. बांधापलीकडच्या त्या बाईचे गिऱ्हाईक आम्ही तोडलेले नाही. उलट आमच्यातील चार कुटुंबे आता तिच्याचकडून तांबडी भाजी घेतात, कारण स्वतः पिकवून पाहिल्यावर तिच्या जुडीची किंमत किती कमी आहे, हे आम्हांला प्रथम समजले.

सरकारच्या सेंद्रिय शेतीच्या योजना आहेत. केंद्राची परंपरागत कृषि विकास योजना २०१५ पासून चालू आहे. पण तिचा मूळ आराखडा पन्नास एकरांच्या गटाचा, आणि सातबारा नसलेल्या माणसाला तीत जागा कशी मिळावी? शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती विकली जाऊ नये म्हणून गोव्याने २०२३ साली कायदा केला, त्याचे आम्ही स्वागत केले. विक्री रोखणारा कायदा मात्र जमीन कसायला लावत नाही. पडीक जमीन विकायची नाही, भाड्यानेही द्यायची नाही, तर तिचे करायचे तरी काय? याचे उत्तर मातीचे टिपर घेऊन हिंडणारे रोज देत आहेत.

आमची मागणी लहान आहे. भात निघाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंतच्या हंगामापुरता, गुंठ्यांच्या मर्यादेत, केवळ भाजी-कडधान्यासाठी आणि कोणतेही बांधकाम न करता दिलेला परवाना म्हणजे कूळवहिवाट नव्हे, अशी सुस्पष्ट तरतूद विधानसभेने करावी. परवान्याची नोंद पंचायतीत व्हावी. त्यामुळे मालक पावती देऊ शकेल आणि कसणारा ती मागू शकेल. जेथे आधीच कूळ आहे तेथे ही तरतूद लागू होता कामा नये. नाहीतर कुळाला हुसकावण्याची नवी पळवाट निघेल, आणि ती शोधणारे वकील आपल्याकडे कमी नाहीत. कोमुनिदादींनी आपली ओसाड शेते या पद्धतीने प्रथम गावातील भूमिहीनांना, मग स्वयंसाहाय्य गटांतील बायकांना आणि उरली तर शहरातील आमच्यासारख्या हौशांना द्यावीत. हा क्रम बदलू नये.

यंदाच्या कार्तिकासाठी आम्ही मालकांकडे पुन्हा गेलो होतो. ते नाही म्हणाले नाहीत. पण वरच्या अंगाच्या शेतात उन्हाळ्यात चिरेखाणीची माती पडली आहे, आणि पाणी वाहून जाण्याचा चर तिच्याखाली गेला आहे. आमच्या सोळा गुंठ्यांत अजून घोट्याएवढे पाणी उभे आहे. तक्रार करायची तर अर्जात शेताशी आपला संबंध काय ते लिहावे लागते, आणि त्या रकान्यात लिहायला आमच्यापाशी पावती नाही.